जाऊबाईंच्या नाकावर टिच्चून

पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलं ते परीक्षेच्या वर्गामुळे. तिथं मी झोपले होते.

बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीच्या सराव परीक्षेला माझी देखरेख होती. वजन वाढल्यापासून रात्री घोरताना माझा श्वास अडकायचा, झोप कधी पुरी व्हायची नाही आणि दिवसा जिथं टेकेन तिथं डोळा लागायचा. त्या दिवशीही लागला. जाग आली तेव्हा वर्गात इतकी शांतता होती की मला पोरांचं कौतुकच वाटलं. पेपर तपासायला घेतले तेव्हा उलगडा झाला. सगळ्या वर्गाची चूक एकच आणि तीही त्याच ओळीत. बाईंची झोप मोडू नये म्हणून पोरांनी अत्यंत शिस्तीत कॉपी केली होती. मुख्याध्यापक फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, तब्येतीकडे बघा." पण म्हणताना त्यांनी स्वतःच ती सगळीकडून बघून घेतली.

बघण्यासारखी होतीच. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी सुरू. मध-लिंबापासून दुधी भोपळ्याच्या रसापर्यंत सगळे उपाय करून झाले होते आणि प्रत्येक उपायानंतर माझं वजन थोडं वाढलेलंच असायचं. शेवटी नवरा मला इंदूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. "पोटाचा बराचसा भाग आपण काढून टाकू. उरेल ते साधारण केळ्याएवढं."

माझं माहेर दापोऱ्याचं. भाऊ केळीच लावतो. मी विचारलं, "कोणतं केळं? बसराई की वेलची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "सर, इनका मायका केले का है."

ऑपरेशन नीट पार पडलं. खरी गंमत घरी आल्यावर सुरू झाली.

आमचं घर सिंधीपुऱ्यात. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वर थोरले दीर आणि जाऊबाई. आमची मुलगी आणि त्यांचे दोन्ही मुलगे शिकायला बाहेरगावी. वरचा जिना आमच्या दारापुढच्या ओट्यावरून जातो, त्यामुळे आमच्या ताटात काय आहे हे पाहिल्याशिवाय कुणाला वर जाता येत नाही. तेव्हा माझ्या ताटात काहीच नसायचं. एका चिमुकल्या वाटीत डाळीचं पाणी असायचं आणि ते मी चमच्याचमच्यानं पीत बसायची. गल्लीतल्या बायका ते बघायला यायच्या. चौकशीला नव्हे, बघायलाच. समोर बसून त्या माझा चमचा वाटीतून तोंडापर्यंत आणि तोंडातून वाटीपर्यंत नजरेनं पोचवायच्या.

एकीनं विचारलं, "मग बाकीचं पोट कुठं ठेवलं त्यांनी?"

"फेकलं असेल."

"तू मागितलं नाही?"

सासूबाईंना वाटीचं दुःख झालं होतं. "एवढीशी वाटी? चिमणी जास्त खाते व याच्यापेक्षा," असं म्हणून त्या डोळे पुसायच्या आणि मग माझ्या समोर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायच्या. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. दुःखात त्यांना भूक जास्त लागायची.

जाऊबाई मात्र पहिल्याच दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "पोट कापून तर कोणीबी बारीक होऊन जाईल. त्याच्यात तुझी काय मेहनत?"

मी पुढचा चमचा तोंडात घातला. एक तर टाके दुखत होते आणि दुसरं म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पहिले काही महिने माझी खरंच काही मेहनत नव्हती. वजन आपणहून अंगावरून पळून जात होतं आणि श्रेय मी घेत होते. दर आठवड्याला काट्यावर उभी राहायची आणि आकडा मला खूश करायला आधीच खाली आलेला असायचा. शाळेत मी स्टाफरूममध्ये प्रवचनं द्यायला लागले. कुणी समोसा उचलला की मी म्हणायची, "मनावर घेतलं पाहिजे हो, बाकी काही नाही." मनावर मी काहीच घेतलं नव्हतं. जे काही घेतलं होतं ते पोटावर. पण हे बोलताना माझा चेहरा इतका शांत आणि थोर असायचा की दोघीतिघींनी समोसा परत ठेवल्याचं मला आठवतं.

मग केस गळायला लागले. असं होतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण कंगव्यात पुंजका दिसतो तेव्हा डॉक्टर आठवत नाहीत. गाल बसले, गळ्याखालची कातडी लोंबायला लागली. आधी ज्या बायका "किती छान बारीक झालीस" म्हणत होत्या, त्याच आता आवाज खाली आणून विचारायला लागल्या, "काही झालं नाही ना? मतलब, मोठं काही?" जाडी होते तेव्हा मी या गावात निदान धडधाकट तरी होते.

आणि नेमका तेव्हाच काट्यावरचा आकडा थांबला. एक आठवडा, दोन आठवडे, महिना गेला तरी तो हलायला तयार नाही. मी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला. बांगड्या काढून पाहिल्या. आकडा तोच.

इंदूरच्या दवाखान्यानं आम्हा ऑपरेशनवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला होता, हिंमत टिकून राहावी म्हणून. रोज सकाळी त्यावर हिंमत यायची. उगवता सूर्य, डोंगरावर एकटा उभा माणूस, आणि कधी कधी सिंह. सिंहाचं आणि वजनाचं काय नातं ते मला आजही कळलेलं नाही. ग्रुपमध्ये खंडव्याचे एक गृहस्थ होते. आपल्या जुन्या पँटच्या एकाच पायात ते संपूर्ण उभे आहेत, असा फोटो ते दर रविवारी टाकायचे. त्याखाली पन्नास जणांचे नमस्कार यायचे. मला तसा फोटोही काढता येईना. मी नेसते साडी, आणि साडीचं हेच वाईट की ती मला तेव्हाही यायची आणि आजही येते.

आहार सांगणारी मुलगी फोनवर फार गोड बोलायची. "मॅम, टेन्शन नहीं लेना. बॉडी को टाइम दो. खुद से प्यार करो."

मी स्वतःवर प्रेम करायला बसले आणि शेवेचा डबा उघडला.

यातली खुबी कुणी सांगत नाही. भाकरीला माझ्या नव्या पोटात जागा नव्हती. तिसऱ्या घासाला छाती भरून यायची. शेव मात्र तोंडातच विरघळायची आणि अशी गुपचूप खाली उतरायची की पोटाला पत्ता लागू नये. चारच्या सुमाराला शाळेतून आले की चहाबरोबर चिमूटभर, मग आणखी चिमूटभर. चालायला जाणं मी तोवर सोडलंच होतं. आकडा हलत नाही तर पाय का हलवायचे, असा माझा शास्त्रीय विचार होता.

नवऱ्याला काळजी वाटली. त्यानं माझा ऑपरेशनआधीचा एक फोटो मोठा करून आणला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. "रोज बघ. परत असं व्हायचं नाही, एवढं लक्षात ठेव," तो म्हणाला. सासूबाई पाण्याची बाटली काढायला आल्या आणि फोटोसमोर थांबल्या. "किती छान दिसत होती व ही," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावर काय तेज होतं." फोटो दुसऱ्या दिवशी निघाला.

त्याच आठवड्यात मी अंगणात कपडे वाळत घालत होते. वर गॅलरीत जाऊबाई समोरच्या शेजारणीशी बोलत होत्या. खाली मी आहे हे त्यांना दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं.

"चालणं बंद, शेव चालू," त्या सांगत होत्या. "दिवाळीपर्यंत होती तशीच्या तशी होते की नाही बघ तू. मी लिहून देते."

शेजारीण हसली. मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. कानशिलं तापली. सूर्य, सिंह, डोंगर आणि ती पँट, या सगळ्यांनी मिळून जे इतक्या दिवसांत झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घातले.

जाऊबाई सकाळी गॅलरीत चहा घेतात. मी मुद्दाम त्यांच्या बरोबर खालून गेले, बुटांचा आवाज जरा जास्तच करत. सिंधीपुरा गेटातून बाहेर पडले आणि तापीच्या घाटापर्यंत जाऊन परत आले. येताना दम लागला होता, पण गॅलरीखाली आल्यावर मी तोंड मिटून नाकानं श्वास घेतला. वरून कपबशी ठेवल्याचा आवाज आला. तेवढाच.

असे कित्येक आठवडे गेले. आधी मुगाची उसळ, पनीर, दही, मग जागा उरली तर बाकीचं, हा आहाराचा नियम मला त्या गोड मुलीनं दहादा सांगितला होता. तो मी पाळायला लागले ते जाऊबाईंसाठी. जेवताना पाणी प्यायचं नाही, तेही त्यांच्याचसाठी. शेवेकडे हात गेला की मला गॅलरीतलं हसणं ऐकू यायचं आणि हात मागे यायचा. भक्तानं देवाचं नाव घ्यावं तसं मी दिवसभर त्यांचं नाव घेत होते.

त्याही गप्प बसल्या नाहीत. एका संध्याकाळी मावा जिलबीची प्लेट घेऊन खाली आल्या. गरम, काळसर, पाकात डुंबलेली. "एकच खा. एकानं काय होतं?"

एकानं काय होतं ते मला माहीत होतं. ऑपरेशननंतर एकदा गोड खाल्लं होतं तेव्हा घाम फुटून, छाती धडधडून मी तासभर आडवी पडले होते. मी प्लेट हसत हसत घेतली आणि त्यांच्यासमोरच नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती तिथंच उभ्या उभ्या संपवली. पुढं वरून दराबा आला, लाडू आले, गुलाबजाम आले. सगळं तोच संपवायचा. त्या काळात आमच्या घराचं एकूण वजन कायम राहिलं. माझ्यावरून उतरलं ते त्याच्यावर चढलं.

पण माझा आकडा हलला. आधी अगदी थोडा, मग नीट.

दिवाळीला मी मुद्दाम वर फराळाला गेले, नव्या मापाचा ब्लाउज घालून. जाऊबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भविष्य चुकल्याचं काही तरी त्या बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "रंग बरा नाही व हा तुला."

त्या वाक्यावर मी पुढचा महिनाभर चालले.

मग दापोऱ्याला माझ्या भाचीचं लग्न आलं. सासूबाई घरी राहिल्या, आम्ही चौघं गेलो. जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मी एका वाटीत वरण घेऊन त्यात बट्टीचा तुकडा कुस्करत बसले होते. शेजारी जाऊबाई, समोर माझी धूलकोटची आत्या. आत्यानं माझ्या वाटीकडे पाहिलं आणि पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपरेशन करून बारीक झाली, त्याच्यात काय मोठं? आमच्यासारखं शेतात राबून होऊन दाखव म्हणावं."

मला सवय झाली होती. मी कुस्करत राहिले. पण शेजारून आवाज आला.

"तुम्ही करून बघा न मग, आत्या." जाऊबाईंनी हातातली बट्टी ताटात ठेवली होती. "थंडी असो काही असो, रोज पहाटे चालायला जाते ही. मी वरून बघून राहिली न. आपरेशन काय हिच्या जागी चालून राहिलं का? घरात एवढं गोड येते, एक कण तोंडात घालत नाही. तुमच्या ताटात आत्ता तिसरी जिलबी आहे. सोडून दाखवा."

आत्यानं जिलबी सोडली नाही, पण विषय सोडला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला धक्का बसला, आणि मागोमाग थोडा रागही आला. इतके महिने मी ज्या नाकावर टिच्चून चालत होते, ते नाकच बाईंनी काढून घेतलं होतं.

परतताना गाडीत नवरा आणि दीर पुढं, आम्ही दोघी मागं. जाऊबाई खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला बी ने न एकदा त्या डॉक्टरकडं. घरात नको बोलू."

"तुम्हाला कशाला, भाभी?"

"गुडघे दुखतात." मग खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "आणि तू आता माझ्यापेक्षा बारीक दिसते. लग्नाच्या फोटोत मी मागं जाऊन उभी राहिली. तुला कळलं नसेल."

मला खरंच कळलं नव्हतं. या घरात आल्यापासून एक बारीक सून आणि एक जाडी सून अशी आमची वाटणी झालेली होती. माझ्या जागेची मला लाज होती, पण त्यांच्या जागेवर त्या एवढ्या विसंबून असतील हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी माझी जागा सोडली आणि कुणी काही न विचारता ती त्यांना मिळाली. मी त्यांच्या जागी असते तर शेजारणीला याहून वाईट काही सांगितलं असतं.

आम्ही इंदूरला गेलो. घरी सांगितलं की साड्या घ्यायच्या आहेत. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, उंची मोजली आणि सांगितलं, "आपको सर्जरी की ज़रूरत नहीं है. थोड़ा चलिए, मीठा कम कीजिए. बस."

जाऊबाई आधी नाराज झाल्या. एवढ्या लांब येऊन नकार! पण परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि बुऱ्हाणपूर येईपर्यंत नकाराचं प्रमाणपत्र झालं होतं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून समोरच्या शेजारणीला बातमी गेली, "इंदूरच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, तुम्ही जाड्या नाहीच म्हणे!" गुप्तता संपली. साड्या का आणल्या नाहीत, हे सासूबाई अजून विचारतात.

जाऊबाईंचा प्रश्न सुटला, माझा उभा राहिला. त्या आता माझ्याशी चांगलं वागायला लागल्या. सकाळी गॅलरीतून "चालली का व? शाबास!" असं ओरडायच्या, आणि त्या शाबासकीनं माझे पाय जड व्हायचे. आठवडाभरात मी पुन्हा अंथरुणात. दुसरं कुणी रागवायला मिळतंय का ते मी पाहिलं. आहारवाली मुलगी फार गोड होती. सासूबाईंवर राग टिकत नसे. खंडव्याच्या गृहस्थांच्या पँटचा मी मनापासून द्वेष करून पाहिला, पण तोही दोनच दिवस पुरला. चारचा चहा आणि शेवेचा डबा पुन्हा एकमेकांना भेटले. आकडा वर सरकायला लागला.

मग एका सकाळी ओट्याच्या दारावर थाप पडली. दारात जाऊबाई. साडीवर दिरांचे बूट, नाड्या घट्ट आवळलेल्या.

"चल. मला डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे."

"तुम्ही जा, भाभी. मला आज..."

"आज काय? डबा वाजताना ऐकला मी काल. चल."

आम्ही निघालो. त्या चालल्या कमी आणि बोलल्या जास्त. प्रत्येक ओळखीच्या दारापाशी थांबून, आम्हाला डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे हे त्यांनी कळवलं. घाटावर पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. पायरीवर बसून त्या बराच वेळ दम खात राहिल्या. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? तुला भूक लागते का ग आता?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. किती उतरलं, किती खातेस, केस परत येतील का, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"पोटाला नाही लागत," मी म्हणाले. "डोक्याला लागते. शाळेतून घरी येते न चारला, सासूबाई झोपलेल्या, घर एकदम शांत असतं. तेव्हा लागते."

त्यांनी पदरानं मान पुसली. पोरं शिकायला बाहेर गेल्यापासून वरचं घरही त्या वेळी तसंच शांत असणार. "मला बी तेव्हाच लागते," त्या म्हणाल्या. "वरचा डबा मी वाजू देत नाही, एवढंच."

त्या दिवसापासून चारला त्या खाली येतात. एका बाजूला वाटाणे सोलत किंवा मेथी निवडत बसतात आणि सगळ्या गल्लीची निंदा करतात. मी चहा करते. त्यांच्यासमोर डबा काढायची मला लाज वाटते, माझ्यासमोर त्यांना. दोन्ही डबे आपापल्या फळीवर आहेत, रिकामेही नाहीत. रविवारी काढतो कधी कधी. थोडीच घेतो, पण घेतो.

डॉक्टरांनी मला जो आकडा गाठायला सांगितला होता तिथं मी पोचलेले नाही आणि आता पोचेन असं वाटत नाही. साखरेची एक गोळी सुटली, रात्री श्वास अडकत नाही, परीक्षेच्या वर्गात मी आता जागी असते आणि पोरांना माझा फार त्रास होतो. आहारवाल्या मुलीनं मध्यंतरी फोन केला. ग्रुपवर नवीन लोक आले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहा, म्हणाली. मी लिहिलं, "सकाळचे सूर्य पाठवू नका. चार वाजता कुणाच्या तरी घरी जाऊन बसा." त्यावर तीन जणांनी नमस्कार केला आणि लगेच खाली सिंह आला.

सकाळी आम्ही जातोच असं नाही. पावसात जात नाही, लग्नसराईत जात नाही, जाऊबाईंचे गुडघे दुखले की जात नाही. काल गेलो होतो. गेटाबाहेरच्या चढावर मी जरा थांबले, तर त्या पुढं जाऊन वळल्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढ्यात दमली? माझं तर पोट बी पूर्ण आहे!"

दूधवाला हसला. मी पदर खोचला आणि त्यांच्या पुढं निघाले.